विजयदिनाची हलगी

कुणी मारल्याशिवाय हलगी बोलत नाही, असा गावाचा समज आहे. आज मला कुणी हात लावलेला नाही, तरी बोलतेय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठून जा. न ऐकण्याचा सराव या गावात सगळ्यांनाच आहे.

नगरकडच्या कर्जत तालुक्यात सीना नदीच्या कोरड्या पात्राला लागून एक गाव आहे, तिथली मी. दीड वितीचं लाकडी कडं आणि त्याच्यावर ताणलेलं बोकडाचं कातडं, एवढाच माझा देह. बोकड जत्रेतलं होतं. मटण गावानं खाल्लं, कातडं महारवाड्याच्या वाट्याला आलं, आणि मग त्याच कातड्याच्या तालावर गाव नाचलं. माझ्या जन्माची गोष्ट एवढ्यात आटोपते.

मला बनवलं भिमाजीच्या बापानं. कातडं चुन्यात भिजवलं, केस काढले, ओलं असतानाच कड्यावर ताणून चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलं आणि सावलीत वाळवलं. म्हातारा स्वतः बरा वाजवायचा. पण भिमाजी बारा-तेरा वर्षांचा झाला आणि त्यानं उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी धरली, तेव्हा मला कळलं की मी कुणासाठी झालेय. भिमाजीचा हात म्हणजे काय सांगू! लग्नाच्या वरातीत त्यानं चाल बदलली की थकलेली माणसं पुन्हा उठून नाचायची. चार-चार कोसांवरून बोलावणी यायची.

आणि नाच संपला की भिमाजी मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या अंगाला बसायचा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं त्याच्या धोतराच्या सोग्यात पडायचं. नवरदेवाचा बाप म्हणायचा, "भिम्या, लई झ्याक वाजवलंस रं!" आणि लांबूनच म्हणायचा. माझ्या आवाजाला विटाळ नव्हता. मला वाजवणाऱ्याला होता.

छप्पन साली महारवाड्यानं धम्मदीक्षा घेतली. नागपूरला जाऊन आलेली पोरं सांगत होती आणि म्हातारे मान डोलवत होते. वस्तीची बैठक झाली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीची भाकरी मागायची नाही, गावापुढं हलगी वाजवायची नाही. ठरलं. नदीच्या वाळूत सगळ्या हलग्या आणून टाकल्या आणि पेटवल्या. त्या जळताना वास कितीतरी वेळ वस्तीवर रेंगाळत होता.

त्या जाळात मीही असायला हवी होते. भिमाजीनं काय केलं? बापाची एक फाटकी, कडं उललेली जुनी हलगी टाकली, आणि मला गोणपाटात गुंडाळून कणगीच्या तळाशी ठेवलं. वर बाजरी ओतली. बायकोला, रतनबाईला, म्हणाला, "कुनाला बोलू नगंस."

मला वाचवलं म्हणून मी त्याचे उपकार मानावेत? मुळीच नाही. ज्यांनी जाळल्या ती माणसं सरळ होती. भिमाजी तोंडानं एक बोलला आणि हातानं दुसरं केलं. आणि हे त्यानं शपथ घेऊन केलं. पुढं सोळा वर्षं वस्तीतली पोरं त्याला मानानं "भिमाजीकाका" म्हणत राहिली आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला सारखं वाटायचं की कुणीतरी कणगीत हात घालील.

कणगीत दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं; जे दिसलं नाही ते मी घरातल्या बोलण्यावरून जुळवलं. मी भिमाजीच्या पोराला, सूर्यभानला, ऐकत ऐकतच मोठा होताना जाणलं. तो पाढे म्हणायचा, आईशी भांडायचा, बापाला उलट उत्तरं द्यायचा. नववीत त्यानं शाळा सोडली. "मास्तर मला पाण्याच्या माठाजवळ जाऊ देत न्हाई, मग तिथं शिकायचं काय?" म्हणाला. बापानं दोन ठेवून दिल्या. पोरगं परत शाळेत गेलं नाही. अठरावं लागल्यावर सरळ नगर गाठलं आणि पलटणीत भरती झालं.

मग एकाहत्तर सालचा डिसेंबर आला. सरपंच रंगनाथ अण्णाच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर लागायचा आणि लढाईच्या बातम्या ऐकायला गाव जमायचं. वस्तीतली माणसं ओट्याखाली उभी राहायची. त्यांच्यातल्या एकट्या भिमाजीचं पोरगं त्या बातम्यांत होतं. सोळा तारखेला ढाक्याला शत्रू शरण आला आणि गावानं गुलाल उधळला. त्या दिवशी मांगवाड्यातली हलगी वाजली. मी कणगीत कातडं आवळून ऐकत होते. चाल चुकत होती, पण कुणाला पडलीय!

जानेवारीत पत्र आलं. सूर्यभान जखमी होऊन दवाखान्यात होता. जूनमध्ये तो घरी आला. रतनबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि अंगावरून हात फिरवत जखम शोधू लागली. हात धड, पाय धड. कुठं खरचटल्याची खूण नाही.

"कुठं लागलं रं तुला?" तिनं विचारलं.

पोरगं दाराबाहेर बघत राहिलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं त्याचा खांदा धरून हलवलं, तेव्हा त्यानं वळून बघितलं आणि मोठ्यानं, अख्ख्या घरात घुमेल असं म्हणाला, "आये, माझ्या शेजारी गोळा फुटला. कान गेलं दोन्ही. समोर बसून सावकाश बोल, तोंडाकडं बघून कळतं थोडंफार."

मग तो म्हणाला, "गावात कुनाला सांगायचं न्हाई. मला कुनाची कीव नको. आन तसंबी, ह्या गावात ऐकन्यासारखं कोन बोलतं?"

आईबापानं शब्द पाळला. त्याचं फळ काय झालं ते ऐका.

गावातून सूर्यभान चालला आणि मागून कुणी "ए सूर्या!" म्हटलं की तो सरळ चालत राहायचा. रंगनाथ अण्णानं ओट्यावरून दोनदा हाक मारली, तो थांबला नाही. समोरून कुणी बोललं तर तो मोठ्या आवाजात उत्तर द्यायचा, कारण स्वतःचाच आवाज त्याला कळत नव्हता. गावातल्या शहाण्या म्हाताऱ्यांनी याचा अर्थ काय काढला? माजलाय! पलटणीची हवा लागली, थोरांना ओ देत नाही, वर आवाज चढवतो. सहा महिने पोरगं डोळ्यांसमोर फिरत होतं, आणि त्याला ऐकू येत नसेल हे एकालाही सुचलं नाही. महाराचं पोर हाकेला थांबत नाही म्हणजे माज, याच्यापलीकडं त्यांची अक्कल गेलीच नाही.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बहात्तरच्या दुष्काळात बाकी काम नव्हतं आणि तोंडं मोकळी होती. भिमाजी आणि रतनबाई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर पाट्या टाकायला जायची. तिथं बायका कामावर वाटतात त्या सुकडीच्या रांगेत उभ्या राहून बोलायच्या. एके दिवशी रतनबाई घरी आली आणि पाटी आपटली.

"आज नवंच निघालं," ती म्हणाली. "म्हनत्यात, तुझ्या ल्योकाला काय बी लागल्यालं न्हाई. रणातून पळून आला, आन जखमी म्हनून सांगतोय."

"कोन म्हनलं?"

"एक म्हनली आन दहा हसल्या. कुनाकुनाचं नाव सांगू?"

सूर्यभान तिथंच बसून चपलेचा अंगठा शिवत होता. आई काय बोलली ते त्याला कळलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

दुष्काळानं कणगी तळापर्यंत रिकामी झाली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या अंगावर दाणा नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मी अशी उघडी पडलेली असताना अंगणाच्या कडेनं आवाज आला, "भिमाजी, हायेस का रं घरात?"

मी चरकले. रंगनाथ अण्णाचा आवाज. आणि भिमाजी? जन्मभर भिम्या म्हणणाऱ्याच्या तोंडी "जी" आला म्हणजे याला काहीतरी काढून घ्यायचंय.

बरोबर शाळेचे हेडमास्तर राधाकृष्ण गुरुजी होते. दोघं निंबाच्या सावलीत उभे राहिले. रतनबाईनं घोंगडी टाकली, तिच्यावर बसले नाहीत.

"सोळा तारखंला विजयदिन करायचा ठरलाय," अण्णा म्हणाला. "लढाई जिकून वरीस झालं. मामलेदारसायेब येनार, नगरहून पलटनीचा मोठा सायेब येनार. आपल्या सूर्यभानची मिरवनूक काढायची. बैलगाडी सजवायची, हार घालायचा, येशीपासनं शाळंपतुर गुलाल."

"आमच्या सूर्यभानची?" भिमाजी दोन पावलं पुढं आला.

"मंग? गावातनं दुसरं कोन गेल्तं लढायला?"

गेल्या आठवड्यापर्यंत हेच पोरगं पळपुटं होतं. साहेब येणार म्हटल्यावर जवान झालं.

"लई उपकार झालं अन्ना."

"उपकार कसलं. फकस्त एक अडचन हाय. वाजवनारी समदी मानसं ऊसतोडीला गेलीत, देवळाली प्रवराकडं. मिरवनूक मुकी काढली तर सायबापुढं शोभा काय? तुझा हात गाव अजून इसरलं न्हाई बाबा."

"म्या सोडलीया, अन्ना. छप्पन सालीच."

"आरं, एका दिसाचा परश्न हाय. हलगी कर्जतहून आनून दिऊ."

आता गुरुजी पुढं झाले. "भिमाजी, हे गावकीचं काम नव्हे. हे राष्ट्रकार्य आहे. मुलानं सीमेवर बंदूक धरली, बापानं गावात हलगी धरली. यात कमीपणा कसला?"

कमीपणा नाही तर तुम्ही धरा की गुरुजी! मी कणगीतून ओरडले. पण न मारलेली हलगी कुणाला ऐकू जाते?

भिमाजी म्हणाला, "म्हंजी पोरगं गाडीत, आन म्या म्होरं वाजवत चालायचं?"

"बाप म्होरं, ल्योक मागं. यापरीस मोठा मान कंचा?" अण्णा म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यांत वाईट. त्याला मनापासून हा मानच वाटत होता. ज्याच्या पोराची मिरवणूक, त्यानंच धुळीतून वाजवत चालावं, यात काही चुकतंय असं त्या दोन पांढऱ्या टोप्यांखाली शिरतच नव्हतं.

निघताना अण्णा थांबला. "तळ्याच्या कामावर दोघंबी हायती ना तुमी? बरं हाय. बन्सी म्हनत हुता, मानसं लई झालीत, थोडी कमी करावी लागत्याल." बन्सी म्हणजे कामावरचा मुकादम, अण्णाचा पुतण्या. मग अण्णा हसून म्हणाला, "तुझं काय न्हाई, तू आपला मानूस."

पंधरा तारखेच्या संध्याकाळी भिमाजीचा हात कणगीत आला. सोळा वर्षांनी. बोटं जाड झाली होती, पाट्या उचलून फुटली होती, पण मी ओळखली. त्यानं गोणपाट सोडलं, धुळीवर फुंकर मारली आणि मला चुलीच्या धगीवर धरलं. ढिलं पडलेलं कातडं हळूहळू ताठ होऊ लागलं. त्यानं एका बोटानं टिचकी मारली. मी वाजले. खरं सांगते, लाज सोडून सांगते, मला बरं वाटलं.

रतनबाई हंडा घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"ठिवा ती खाली."

"सूर्यासाठी वाजवतोय. गावासाठी न्हाई."

"सोळा वर्सं मी हिच्यावर बाजरी वतली. का? तर तुमचं मन मोडू नये म्हनून. वाजवावी म्हनून न्हाई!"

"तुलाच बाया बोलत्यात ना?" भिमाजी उसळला. "पळून आलं म्हनत्यात ना? एकदा गावानं त्याला गाडीत बसवला, सायबानं हार घातला, की समद्यांची तोंडं बंद. त्यापायी म्या चार तास वाजवलं तर काय मरत न्हाई. आन कामावरनं काढलं तर खायाचं काय? दगुड?"

रतनबाईनं हंडा उतरवला, तेव्हा पाणी हिंदकळून चुलीत पडलं आणि वाफ झाली. त्या वाफेतून दोघांना दिसलं की सूर्यभान दारात उभा आहे. कधी आला कोण जाणे. त्याची नजर माझ्यावर होती.

"ही जाळली हुती ना?" तो त्या मोठ्या आवाजात म्हणाला.

भिमाजीनं मान हलवली. नाही.

"वस्तीला काय सांगितलंस? मला काय सांगितलंस? शाळंत पोरं म्हनायची, तुझा बाप गावापुढं वाजवायचा, तवा मी त्यांची टाळकी फोडली. म्हनलं, माझ्या बानं जाळली. आन तू हिला कनगीत निजवली!"

भिमाजी त्याच्यासमोर बसला, दिवा जवळ घेतला आणि तोंड उजेडात धरून एकेक शब्द सुटा करत सगळं सांगितलं. मिरवणूक. गाडी. अण्णाची अट. बायकांचं बोलणं. पळून आलास म्हणतात, हा शब्द त्याला दोनदा सांगावा लागला.

"आन हे समदं तू माझ्यासाठी करनार?"

"व्हय."

"मला ऐकू येतं का?"

भिमाजीनं दिव्याची वात सारखी केली.

"न्हाई ना येत? मग वाजवनार कुनासाठी?"

सूर्यभान उठला. "मी बसतो गाडीत. न बसलो तर भ्यालं म्हनतील. तू वाजव. बघतो मी."

बापाला अशी धमकी द्यायला छाती लागते, आणि ती गिळायला बापाला जास्त लागते. भिमाजीनं मला मांडीवर घेतलं आणि तसाच बसून राहिला.

सोळा तारीख, शनिवार. सकाळी वेशीत गाव जमलं. फुलं नव्हतीच, बैलगाडीला कागदी पताका आणि क्रेपच्या कागदाच्या माळा लावल्या होत्या. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यांच्या शिंगांना मात्र हिंगूळ. सूर्यभान गणवेशात, गळ्यात कागदी हार घालून गाडीत बसला होता, गुडघ्यांवर मुठी ठेवून. मामलेदार आणि लष्करी साहेब गाडीशेजारी उभे. ते शाळेपर्यंत पायी चालणार होते. एका बाजूला आमच्या वस्तीची माणसं. त्यांनी भिमाजीच्या गळ्यात मला बघितलं. एक तरणं पोरगं पचकन थुंकलं.

थंडीनं कातडं उतरून सैल झालं होतं. शेकायला तुरकाट्या सोडा, वाळलं गवत मिळेना. गुरुजींनी शाळेतून परीक्षेचे जुने पेपर आणवले आणि त्यांचा जाळ केला. भिमाजीनं मला त्या जाळावर फिरवलं. पोरांची चुकलेली गणितं जळत होती आणि मी तापत होते.

"चल भिमाजी, दे सुरवात!" अण्णानं हात वर केला. बन्सीनं गुलालाची मूठ भरली.

भिमाजी हलला नाही. त्याचं टिपरू माझ्यापासून चार बोटांवर थांबलं होतं. त्यानं मागं वळून गाडीकडं बघितलं. पोरगं त्याच्या हाताकडं एकटक बघत होतं.

"आरं, चल की! सायेब उभं हायती!"

मला वाजायचं होतं. सोळा वर्षांची भूक होती. माझ्या मालकाची इज्जत जाते का राहते, त्याचा मला त्या घटकेला विसर पडला होता, हे कबूल करते. मार, मी म्हणत होते. मार ना.

त्यानं मारलं. तीन ठोके, आणि थांबला. पुन्हा तीन ठोके, आणि थांबला.

मी दचकले. ही मिरवणुकीची चाल नव्हती. ही दवंडीची.

दवंडीचा एक कायदा आहे. गावात ती सरकारचा हुकूम सांगायला पिटतात. ते ठोके पडले की हातातलं काम थांबतं, बोलणारा गप्प होतो, आणि सांगणारा "हो" म्हणेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही. दवंडी पिटणाऱ्याला मध्येच अडवलं म्हणजे हुकूम अडवला. हे अंगात इतकं मुरलेलं की बन्सीची गुलालाची मूठ हवेतच राहिली. रंगनाथ अण्णाचं उघडलेलं तोंड मिटलं. बापजाद्यांची सवय, मेंदूच्या आधी कान उभे राहतात.

"ऐका हो ऐका!" भिमाजीचा आवाज वेशीवर आदळला. "गावाला कळवन्यात येतंय की, सूर्यभान भिमाजी ह्याचं दोन्ही कान लढाईत गेलं. गोळा फुटून गेलं. त्येला काय बी ऐकाया येत न्हाई. सा म्हैनं झालं, गाव त्येला माजला म्हनतंय, पळून आला म्हनतंय. एकानं बी समूर बसून इचारलं न्हाई, बाबा तुला काय झालं!"

तीन ठोके.

"दुसरं! ह्यो भिमाजी छप्पन साली वस्तीम्होरं म्हनला, हलगी जाळली. जाळली न्हवती. लपवली हुती. खोटं बोलला."

आमच्या वस्तीच्या बाजूनं कुणीतरी श्वास आत ओढला. ठोके.

"तिसरं! भिमाजीला सांगन्यात आलं की, पोराम्होरं वाजव, न्हाईतर तळ्याच्या कामावर मानसं कमी करावी लागत्याल. म्या वाजवनार न्हाई. काढायचं तर सायबासमूर काढा. हो!"

संपलं. मग अण्णा हसला, एकटाच. "म्हातारं पिऊन आलंय वाटतं सकाळच्या पारी," तो मामलेदाराला म्हणाला. लष्करी साहेबानं मामलेदाराकडं बघितलं. मामलेदारानं बुटाकडं. गुरुजी चष्मा पुसू लागले आणि पुसतच राहिले.

सूर्यभानला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्याला दिसली ती फक्त तोंडं. तासापूर्वी त्याच्याकडं हसून बघणारी माणसं आता त्याच्या कानांकडं बघत होती. त्यानं गाडीतून उडी मारली आणि बापासमोर येऊन उभा राहिला.

"काय सांगितलंस ह्यास्नी?"

भिमाजीनं तोंड उचललं. "खरं."

"माझं बी?"

"व्हय."

मला वाटलं, आता हा बापावर हात टाकतो. टाकला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पलटणीतून आल्यापासून पहिल्यांदाच तो हळू बोलला, इतकं हळू की फक्त बापाला आणि मला कळलं. "मला इचारायचं तरी हुतं."

भिमाजीचे ओठ हलले. "चुकलं माझं, लेका."

या गावात म्हाताऱ्यानं पोराला "चुकलं" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. किती मुंजी-बारशांना, किती तंट्यांना, किती बैठकांना मी हजर होते! म्हातारे ओरडतात, शिकवतात, शाप देतात, उपकार काढतात. चुकलं म्हणत नाहीत. आणि ज्याच्यासाठी तो शब्द होता, त्यानं तो ऐकला नाही. बापाच्या ओठांवरून उचलला.

सूर्यभाननं गळ्यातला कागदी हार काढून गाडीच्या जुवावर ठेवला. भिमाजीनं मला गळ्यातून काढलं आणि गाडीत, पोराच्या रिकाम्या जागी ठेवलं. जोडून टिपरू आणि काडी. "आता सोडली," तो म्हणाला, आणि दोघं वस्तीकडं चालू लागले. रतनबाई मागून निघाली, ती आमच्या लोकांमधून वाट काढत. कुणी बाजूला झालं, कुणी झालं नाही.

साहेब आले होते म्हणून मिरवणूक काढणं भाग होतं. माझी मिरवणूक निघाली. पुढं गुरुजी घोषणा देत, मागं गाडीत मी एकटी. बन्सीनं हातातला गुलाल टाकायचा म्हणून टाकला, तो माझ्यावर पडला. शाळेत भाषणं झाली. अण्णा पाऊण तास शौर्यावर बोलला. जवानाचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही.

साहेबांच्या जीपा गेल्यावर गाडी सोडायची वेळ आली. मला उतरवायचं कुणी? गाडीवाला म्हणे, मी नाही. बन्सी म्हणे, मी कशाला. माझ्या तालावर ज्यांचे बाप नाचले, आजे नाचले, त्या दहा-बारा माणसांनी हात मागं बांधले. शेवटी गुरुजींनी फळ्यावर दाखवायची लांब छडी आणली, तिनं मला ढकलत गाडीतून खाली पाडलं, आणि तसंच लोटत लोटत व्हरांड्यातून शाळेच्या अडगळीच्या खोलीत नेलं. निंबाखाली ज्यांनी राष्ट्रकार्य सांगितलं, तेच गुरुजी. मग त्यांनी छडी धुतली.

आता मी इथंच आहे. शेजारी मोडके बाक, झेंड्याचा बांबू, फाटके नकाशे. पोरं खिडकीतून बोलतात, त्यावरून बाहेरचं कळतं. भिमाजी-रतनबाईला कामावरून काढलं नाही, मामलेदारानं ऐकलं होतं ना. पण बन्सीनं त्यांना सगळ्यांत लांबच्या खड्ड्यावर टाकलंय. वस्तीतली दोन घरं भिमाजीशी बोलत नाहीत. बाकीची बोलतात, पण काका म्हणताना थोडी अडखळतात. पळपुटा हा शब्द गेला. आता गाव सूर्यभानला दिसेल तिथं धरून त्याच्या कानात ओरडतं. म्हातारे तर सगळ्यांत मोठ्यानं. समोर बसून सावकाश बोला, हे त्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही. तो कान पुसतो आणि पुढं जातो.

पुढचा विजयदिन येईल. गुरुजी ही खोली उघडतील, झेंड्याचा बांबू काढतील, तेव्हा माझ्यावर उजेड पडेल. माझं एवढंच सांगणं आहे. मला वाजवायचं असेल तर ज्याला विजय झालाय असं वाटतं त्यानं वाजवावं, कुणाच्या बापाला धरून आणू नये. वाजवायचं नसेल तर नदीच्या वाळूत नेऊन जाळा, माझी तक्रार नाही. पण यापैकी काहीही करा, वाकून हातानं उचला. छडीनं लोटू नका.